पुन्हा पदवी की पुढची पदवी?

प्रश्न : मी कुंडईची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, त्याला आता सहा वर्षे होतील. तेव्हापासून इथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणनियंत्रण विभागात, म्हणजे आम्ही ज्याला क्यूसी म्हणतो तिथे काम करते. महिन्याला २८ हजार रुपये हातात येतात. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, माझा हात चांगला बसला आहे आणि नव्या मुलांना शिकवण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येते. असे असूनही माझ्यामागून लागलेले दोन सहकारी, दोघेही बी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर, यंदा माझे वरिष्ठ झाले. तेव्हापासून आपणही बी.फार्म. करावे असे मनात घोळते आहे. फर्मागुढीचे फार्मसी महाविद्यालय घरापासून जवळ आहे. पुढेमागे औषध निरीक्षक होण्याचीही इच्छा आहे. मामांना हे मुळीच पटत नाही. पदवीनंतर पुन्हा पदवी म्हणजे चढलेला जिना उतरणे, करायचे तर एम.एस्सी. कर, असे ते म्हणतात. माझे वय २७ आहे. मी काय करावे?
— एक वाचक, कुंडई

उत्तर : मामांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करतो, कारण हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. एम.ए. झालेली माणसे वकील होण्यासाठी एलएल.बी.ला बसतात, एम.एस्सी. झालेल्या मुली शिक्षिका होण्यासाठी बी.एड. करतात, आणि त्यांना कोणी जिना उतरला असे म्हणत नाही. या पदव्यांची नावे पहिल्या पायरीची असली, तरी प्रत्यक्षात त्या एखाद्या व्यवसायात शिरण्याच्या अटी असतात. म्हणून लहान पदवी कोणती आणि मोठी कोणती हा हिशेब तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला जे काम करायचे आहे त्यावर कोणत्या नियमाचा ताबा आहे आणि त्या नियमात कोणत्या पदवीचे नाव लिहिले आहे, एवढेच आधी पाहा. नियम पहिल्या पातळीच्या विशिष्ट पदवीचे नाव घेत असेल, तर तिच्या जागी दुसऱ्या विषयातली एम.एस्सी. ठेवून भागत नाही. तो तसे नाव घेत नसेल, तर पुन्हा चार वर्षे देण्याला तितकेच जबर दुसरे कारण हवे.

तुमच्या पत्रात असे नाव घेणारे काम एकच आहे, ते औषध निरीक्षकाचे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांनुसार निरीक्षकाला औषधनिर्माणशास्त्राची पदवी लागते, किंवा चिकित्सालयीन औषधशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्र यांत विशेष अभ्यास केलेली वैद्यकशास्त्राची पदवी लागते. रसायनशास्त्राची पदवी तिथे चालत नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले म्हणून ते दार उघडेल असेही नाही, आणि एम.फार्म.चा आडमार्गही बंद आहे, कारण एम.फार्म.च्या प्रवेशाला आधी बी.फार्म. लागते. तेव्हा निरीक्षकच व्हायचे असा तुमचा ठाम निश्चय असेल, तर मामांचा सल्ला बाजूला ठेवून बी.फार्म. करावे लागेल. मात्र ते चार वर्षांचे, आठ सत्रांचे, पूर्णवेळ शिक्षण आहे. ते दूरशिक्षणाने देता येत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तो डी.फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, झालेल्यांना. तुमची बी.एस्सी. त्यासाठी धरली जात नाही, म्हणजे तुम्हाला बारावीच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षापासून बसावे लागेल. त्यानंतर वाट पाहायची ती जाहिरातीची. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात अशा जागा किती निघणार आणि कधी निघणार, हे कोणी सांगू शकत नाही. निरीक्षक होण्याची इच्छा तुम्ही पत्राच्या शेवटी, एका वाक्यात लिहिली आहे. त्यावरून मला वाटते की तुमची मूळ तक्रार बढतीची आहे आणि निरीक्षकपद तिच्या आधारासाठी आले आहे. माझा तर्क चुकीचा असेल तर पुढचे सगळे सोडून द्या.

बढतीचा विचार करताना मात्र चित्र अगदी पालटते. औषधाच्या उत्पादनावर देखरेख करणारा मान्यताप्राप्त तंत्रज्ञ कोण असावा, याचे उत्तर त्याच नियमांत आहे. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो, तर रसायनशास्त्र हा प्रमुख विषय घेतलेल्या विज्ञान पदवीधराला तीन वर्षांचा लागतो. तुमच्या त्या दोन सहकाऱ्यांना जो वेग मिळाला त्याच्या मुळाशी काही अंशी हाच फरक असू शकेल. परंतु हा फरक दीड वर्षाचा आहे, आणि तो उत्पादन विभागातल्या अनुभवाचा आहे. तो भरून काढण्यासाठी चार वर्षे खर्च करणे म्हणजे सांकवापलीकडे जाण्यासाठी होडी बांधायला घेण्यासारखे होईल. चाचणीच्या बाजूला तर विज्ञानाचा पदवीधर आणि फार्मसीचा पदवीधर यांना नियम एकाच ओळीत बसवतो, आणि तुमची बाजू तीच आहे.

इथे एक गोष्ट विचारावीशी वाटते, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. तुमच्या नावाने एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता घेतलेली आहे का? या व्यवसायातली माणसे ‘अ‍ॅप्रूव्हड केमिस्ट’ म्हणतात ती हीच. कारखान्याने अर्ज करून, तुमची पदवी व अनुभव दाखवून, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून चाचणीसाठी सक्षम व्यक्ती म्हणून तुमचे नाव मंजूर करून घ्यायचे असते. सहा वर्षे एचपीएलसीवर काम करणारी, नव्यांना शिकवणारी रसायनशास्त्राची पदवीधर अजून या यादीत नसेल, तर तुमची अडचण पदवीची नसून न झालेल्या अर्जाची आहे. उद्या वेर्णा किंवा पिळर्ण येथील दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला गेलात, तर हीच मान्यता पहिल्यांदा विचारतील. ती मिळवायला महाविद्यालयात जावे लागत नाही, वरिष्ठांकडे लेखी मागणी करावी लागते. आपल्याकडच्या मुली कामात मागे नसतात, पण कागदावर नाव घालून मागायला संकोचतात, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे.

आता एम.एस्सी. ताळगाव पठारावरील आपल्या गोवा विद्यापीठात विश्लेषणात्मक रसायनशास्त्र हा विशेष विषय घेऊन ती करता येते आणि तुमच्या कामाशी तिचे नाते सरळ आहे. नवीन चाचणीपद्धती विकसित करणे, त्या पद्धतींची वैधता सिद्ध करणे, संशोधन व विकास विभागात शिरणे, अशा कामांसाठी ती खरोखर उपयोगी पडते. रोजच्या बॅचांचे नमुने तपासण्याच्या कामात ती फारसा फरक पाडत नाही. ती घेतल्याने किती पुढे जाता येईल, याचा एक मासला त्याच नियमांत सापडतो. शासकीय विश्लेषक होण्यासाठी विज्ञानाच्या पदवीधराला मान्य प्रयोगशाळेत औषधे तपासण्याचा ५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि पदव्युत्तर पदवी असेल तर ३ वर्षांचा पुरतो. एम.एस्सी.ला दोन वर्षे लागतात. म्हणजे ज्याने एम.एस्सी. केली तो आणि ज्याने तेवढा काळ प्रयोगशाळेतच काढला तो, दोघे पाचव्या वर्षी एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहतात. मला हा हिशेब नियम लिहिणाऱ्यांच्या शहाणपणाचा वाटतो. जिथे नियम गप्प आहे तिथे अर्थातच कंपनीची मर्जी चालते, आणि काही ठिकाणी ठरावीक पदाच्या वर एम.एस्सी.शिवाय घेतच नाहीत. तुमच्या कारखान्यात तसे आहे का, हे मनुष्यबळ विभागात सरळ विचारा, आणि उत्तर तोंडी न घेता पात्रतेचा कागद पाहायला मागा.

पैशाचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. २८ हजारांची नोकरी सोडून चार वर्षे शिकलात तर १३ लाख ४४ हजार रुपयांचे वेतन बुडेल, दोन वर्षांसाठी त्याच्या निम्मे, म्हणजे ६ लाख ७२ हजार. शुल्क, पुस्तके आणि पणजीपर्यंतचा बसप्रवास वेगळा. शुल्कापुरते गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज मिळू शकते, परंतु बुडालेल्या पगाराला कोणी कर्ज देत नाही. महाविद्यालय घराजवळ आहे ही सोय खरी, पण या आकड्यापुढे ती फार लहान आहे. प्रयोगशाळेतील तासिका दिवसभराच्या असल्यामुळे शिफ्टची नोकरी सांभाळून विद्यापीठातली एम.एस्सी. होईल अशा भरवशावर राहू नका. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोग एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करू देतो, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते खरे आहे, पण त्या सवलतीने दिवसाचे तास वाढत नाहीत.

यांच्या मधला एक रस्ता आहे, ज्याची तुमच्या वयाच्या मुलांना क्वचितच कल्पना असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदविका आहे आणि बी.एस्सी.ला रसायनशास्त्र असलेल्यांना ती करता येते. प्रात्यक्षिकांसाठी ठरलेल्या केंद्रावर जावे लागते, म्हणून जवळचे केंद्र कोठे आहे आणि तिथे किती दिवस रजा काढावी लागेल, हे विद्यापीठाच्या गोव्यातील विभागीय केंद्रात आधी विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर या चवथीपूर्वी मान्यतेचा अर्ज करायला लावला असता, पुढच्या प्रवेशसत्रात पदविकेला नाव घातले असते, आणि वर्षभरात बढतीची हालचाल दिसली नाही तर नोकरी बदलली असती. एम.एस्सी.चा निर्णय त्यानंतर, आणि तोही चाचणीपद्धती घडवण्याच्या कामाची खरी ओढ असेल तरच. बी.फार्म. मी केले नसते.

प्रश्न : मी इतिहासात बी.ए. झाले आहे. मराठी शिकवण्याची आवड आहे. त्यासाठी मराठीत पुन्हा बी.ए. करावे, की एम.ए.ला प्रवेश घ्यावा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : कोणाला शिकवायचे, हे तुम्ही लिहिले नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पुन्हा बी.ए. करण्याचे काही कारण नाही. साहाय्यक प्राध्यापकाला त्या विषयातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. तुमची पहिली पदवी इतिहासाची आहे म्हणून कोणी अडवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा जाहीर केला, त्यात पदवीचा विषय कोणताही असला तरी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या विषयात एम.ए. करता येईल, अशी तरतूद आहे. विद्यापीठाने ती कशी लागू केली आहे, ते त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

हायस्कुलात शिकवायचे असेल तर सावध राहावे लागेल, कारण तिथे शिकवण्याचा विषय पदवीला होता का हे पाहिले जाते आणि बी.एड.च्या अध्यापन विषयांची निवडही त्यावरून ठरते. तुमच्या बी.ए.ला तीन वर्षांत मराठी किती पेपर होते, हे गुणपत्रिका काढून मोजा. ते पुरेसे भरले तर एम.ए. आणि बी.एड. हाच मार्ग. नाही भरले, तर मागील दोन-तीन जाहिरातींतील पात्रतेची ओळ शब्दशः वाचल्याशिवाय कोठेही शुल्क भरू नका. सरकारी जागांसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक धरतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : बी.कॉम. झालो, पेडण्यात एका हॉटेलचे हिशेब पाहतो. कायद्याकडे वळायचे आहे. थेट एलएल.एम. होईल का? नोकरी चालू ठेवता येईल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : थेट एलएल.एम. होणार नाही, त्याला आधी एलएल.बी. लागते. तुमच्या बाबतीत दुसरी पदवी हाच एकमेव मार्ग आहे. पदवीधरांसाठी ती तीन वर्षांची असते, आणि बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला पहिल्या पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. पणजीत मिरामार येथे आणि मडगावात अशी दोन जुनी विधी महाविद्यालये आहेत.

नोकरीचे मात्र कठीण आहे. एलएल.बी. दूरशिक्षणाने चालत नाही आणि ७० टक्के उपस्थितीची अट आहे. पेडणे ते पणजी रोज ये-जा करून, सीझनमध्ये हॉटेलचे हिशेबही सांभाळून, ही उपस्थिती भरणे मला तरी शक्य वाटत नाही. मालकाशी बोलून काम अर्धवेळ करून घेता आले तर पाहा. नाहीतर आधी वर्षभर पैसे बाजूला टाका आणि पुढच्या जूनला प्रवेश घ्या.