घरच्या स्विमिंग पूलचा पहिला महिना

अभिनंदन! बंगल्यातला पूल सांभाळणं वाटतं तेवढं अवघड नाही. सायन्युरिक ॲसिड, अल्कलिनिटी वगैरे पाण्याच्या रसायनातले बारकावे आत्ता राहू द्या.

आधी टेस्ट किट घ्या आणि एक दिवसाआड पाणी तपासा. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 7.2 ते 7.6, फ्री क्लोरीन (जंतू मारायला अजून मोकळं असलेलं क्लोरीन) 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, एवढे दोन आकडे पाठ करा. पीएच 8 च्या वर गेला की क्लोरीनचा जोर पार उतरतो. म्हणून आधी पीएच, मग क्लोरीन. नवे लोक नेमकं उलट करतात. पाणी हिरवट दिसलं की क्लोरीनची पावडर ओततच सुटतात.

उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की क्लोरीन जास्त झालं असंही समजू नका. बहुतेकदा ते कमी पडलेलं असतं. घाम आणि लघवीशी संयोग होऊन त्याचं क्लोरामाइन बनतं, वास त्याचाच.

आणखी थोडं:
- क्लोरीन संध्याकाळी टाका, उन्हात ते झपाट्याने नष्ट होतं.
- पावडर पाण्यात सोडा, पावडरीवर पाणी कधीही ओतू नका. पीएच उतरवायचं ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवूही नका; एकत्र आले तर विषारी वायू होतो.
- फिल्टर रोज आठेक तास चालवा. बिल वाचवायला पंप बंद ठेवलात तर शेवाळ ठरलेलं.

पावसाळ्यात मोठी सर येऊन गेली की लगेच तपासा, कारण क्लोरीन पातळ झालेलं असतं.

घरात लहान मुलं असतील तर बाकी सगळं उद्यावर टाका. कुंपण आणि कडी आजच लावून घ्या.