उमरेडकडच्या जंगलातून आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेली दिसली. आई म्हणते रॉकेल लाव. लावू का?

रॉकेल नका लावू. चुना, तंबाखू, पेटती अगरबत्ती, यातलंही काही नको. आमच्याकडे गुराखी हेच करतात आणि गोचीड सुटतेही कधीकधी, पण डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. शिवाय ती आपणहून सुटायची वाट बघत बसण्यात वेळ जातो. जितका वेळ ती चिकटून राहील, तितका आजार अंगात यायचा धोका वाढतो.

बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवया कोरायचा असतो तो चालतो. फुगलेल्या पोटाला धरू नका. चामडीला अगदी लागून, तोंडाजवळ पकडा आणि एकसारखा जोर लावत सरळ वर ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. तिच्या सोंडेला उलटे काटे असतात, म्हणून चामडी थोडी ताणली जाते, घाबरू नका. सोंडेचा तुकडा आत राहिलाच आणि सहज निघत नसेल, तर सुईने कोरत बसू नका, शरीर तो हळूहळू बाहेर टाकतं. मग जागा आणि हात साबणाने धुवा, स्पिरिट लावा. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही, चिकटपट्टीत गुंडाळून टाका.

एक सापडली म्हणजे आणखी असतील असंच धरून चाला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी मचाणावर बसणारे आम्ही, तेंदूपत्ता तोडणारे, मोहफूल वेचणारे, सगळ्यांना हा त्रास आहेच. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. गवताच्या टोकावर पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याला धरते. तिथून वर चढत कंबरपट्टा, जांघ, गुडघ्यामागची घडी, बेंबी, काख, कानामागे, केसांत जाते. पिल्लं खसखशीएवढी असतात, डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतात. म्हणून घरी आल्यावर लगेच आंघोळ करा, अंग चोळा, पाठ दुसऱ्या कोणाला बघायला लावा. कपडे पलंगावर न टाकता थेट कडकडीत गरम पाण्यात टाका.

पुढचे दोन-तीन आठवडे ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ यावर लक्ष ठेवा. नेटवर वाचून गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाची धास्ती घेऊ नका, आपल्याकडे जास्त जपायचं ते रिकेट्सिया जातीच्या जंतूंमुळे येणाऱ्या तापांना. त्यातला स्क्रब टायफस गोचिडीमुळे होत नाही, झुडपांतल्या माइट नावाच्या किड्याच्या अतिसूक्ष्म अळीमुळे होतो, पण पकडला जातो त्याच वाटेवर. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास त्याने बरेच रुग्ण पाडले होते. चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते. ती दुखत नाही, काखेत नाहीतर जांघेत लपते, त्यामुळे रुग्णालाही ठाऊक नसते. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, 'जंगलात गेलो होतो, गोचीड काढली.' हे कळलं नाही तर डेंग्यू-मलेरियाच्याच तपासण्या होत राहतात. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत सुरू झालं तर हे ताप लवकर उतरतात, मात्र ते मनाने घेऊ नका.

कुत्रा सोबत नेला असेल, तर त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधल्या फटी आजच बघा. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातल्या भिंतींच्या भेगांत अंडी घालते, मग ती काढता काढता नाकी नऊ येतात.