‘महागाई कमी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

घोडबंदर रोडच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘मागच्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने “महागाई कमी झाली” ही बातमी टाकली. दुसऱ्याने लगेच तेलाच्या पिशवीचा फोटो टाकला आणि विचारलं, “कुठे कमी झाली?” पुढे दोघेही आपापल्या पक्षावर आले आणि अ‍ॅडमिनने ग्रुपला कुलूप लावलं. भाषेच्या दृष्टीने बरोबर कोण? महागाई, भाववाढ, चलनवाढ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि “वाढती महागाई” ही द्विरुक्ती नाही का?’

भाषेच्या दृष्टीने दोघेही बरोबर आहेत, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. ‘महागाई’ हा शब्द मराठीत दोन कामं करतो. जुनं काम स्थिती सांगण्याचं: जिन्नस महाग असणं. ‘या महागाईत घर कसं चालवायचं’ म्हणताना हाच अर्थ असतो आणि ‘स्वस्ताई’ ही त्याची विरुद्ध बाजू. दुसरं काम त्याला बातम्यांनी लावलं: भाव किती वेगाने वाढताहेत तो दर. सरकार दर महिन्याला आकडा देतं तो या दुसऱ्या महागाईचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ६.२१ टक्के होता. आता हिशोब करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी खरेदी १०० रुपयांत होत होती ती वर्षाने १०६ रुपये २१ पैशांना गेली आणि त्यापुढच्या वर्षी साधारण १०६ रुपये ४८ पैशांना. दर कोसळला, पण खिशातून जाणारे १०६ रुपये काही १०० झाले नाहीत. ठाण्याहून सुटलेली लोकल कळव्यापाशी हळू झाली म्हणून ती परत ठाण्याला येत नाही.

हीही सरासरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाज्या आणि डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त होत्या, खाद्यतेल मात्र चांगलंच महागलं होतं. म्हणजे बातमी टाकणाऱ्याने भाजीची जुडी दाखवली असती तर तिचाही फोटो खरा, आणि तेलाच्या पिशवीचाही खराच. शिवाय ठाणेकराला जी गोष्ट सगळ्यात महाग वाटते, म्हणजे घर, तिची खरेदीची किंमत हा दर ज्यावरून काढतात त्या निर्देशांकात (ठरावीक वस्तू-सेवांच्या भावांची पातळी दाखवणाऱ्या आकड्यात) धरतच नाहीत. घरभाडं धरतात, फ्लॅटचा भाव आणि कर्जाचा हप्ता धरत नाहीत.

तुमच्या सोसायटीत केंद्र सरकारचे कोणी निवृत्त असतील तर त्यांना पहिला अर्थ पक्का ठाऊक असणार. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. २०१५ च्या सरासरी पातळीपासून निर्देशांक किती वर चढला, त्यावरून तो ठरतो. निर्देशांक वेगळा आहे हे खरं (भत्त्यासाठी औद्योगिक कामगारांचा धरतात), पण मुद्दा बदलत नाही. एकाच वर्षात एक महागाई पाव टक्का आणि दुसरी ५८ टक्के, आणि दोन्ही आकडे सरकारीच. ज्याला जो सोयीचा तो त्याने उचलावा.

आता दुसरा प्रश्न. ‘भाववाढ’ हा त्यातला सरळ शब्द. भाव वाढले एवढंच तो सांगतो. ‘दरवाढ’ म्हटलं की ती करणारा कोणीतरी असतो: वीज दरवाढ, पाणीपट्टीची दरवाढ. म्हणून ज्याची सत्ता असते तो ‘सुधारित दर’ म्हणतो आणि जो बाहेर असतो तो ‘दरवाढ’. ‘चलनवाढ’ तर नावातच कारण घेऊन येते. बाजारात चलन फार झालं म्हणून भाव चढले, असा सिद्धांत त्या शब्दाच्या पोटात आहे. सरकारने खर्च आवरावा असं मानणाऱ्यांना तो आवडतो. अवकाळी पावसाने कांदा सडला आणि भाव दुप्पट झाला तर त्याला चलनवाढ म्हणणं मला तरी जड जातं. उलट ‘महागाई’ म्हटलं की साठेबाज, नफेखोर, व्यापारी डोळ्यांपुढे येतात. १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत लाटणी घेऊन मोर्चे काढले, ते महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे. ‘चलनवाढ प्रतिकार समिती’च्या मोर्चाला लाटणं घेऊन कोण आलं असतं?

पण तुमच्या ग्रुपवरचं भांडण नामांपेक्षा क्रियापदांत जास्त आहे. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’, ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ अशा जोड्या आहेत. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात ती कोणीतरी करतं. आता ऐका. आपल्या पक्षाचं सरकार असलं की पेट्रोल ‘वाढलं’ आणि नंतर सरकारने ते ‘कमी केलं’. विरोधकांचं असलं की पेट्रोल ‘वाढवलं’ आणि नंतर ते ‘कमी झालं’. पेट्रोलच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं, डिझेलवरचं ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यानंतर बोलणाऱ्याची आणखी सोय झाली. भाव चढला की तेल कंपन्या आणि कच्चं तेल, उतरला की सरकारचा दिलासा. करांचा वाटा या दोन्ही वाक्यांतून बाहेर राहतो. २०१४ च्या प्रचारात भाजपची महागाईवरची घोषणा गाजली होती. २०२२ मध्ये त्याच शब्दावर काँग्रेसने दिल्लीत सभा घेतली. शब्द तोच राहिला, कर्ता तेवढा बदलला. एखाद्याचा पक्ष ओळखायचा असेल तर मी त्याची मतं विचारत नाही, त्याचं क्रियापद ऐकतो.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत १९८८ मध्ये एका सर्वेक्षणात लोकांना विचारलं होतं की रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रेगन यांच्या आठ वर्षांत महागाईचं काय झालं. दर १३.५ टक्क्यांवरून ४ च्या आसपास आला होता. तरी स्वतःला कट्टर डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाचे, म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी परिस्थिती बिघडली असं सांगितलं. लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञाने ही उत्तरं पुढे तपासली. १९९६ मध्ये पारडं फिरलं. डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट बरीच घटली होती आणि रिपब्लिकन मात्र बहुसंख्येने ती वाढली म्हणत होते. दर आणि पातळी यांचा घोळ इंग्रजीतही होतो, त्यामुळे १९८८ ची चूक भाषेच्या माथी मारता येईल असं वाटेल. पण घोळ फक्त शब्दाचा असता तर दोन्ही पक्षांचे लोक सारखेच चुकले असते. तसं झालं नाही. शब्दाला दोन अर्थ असले की निष्ठा त्यातला एक निवडते. शब्द फक्त वाट मोकळी ठेवतो. २०१५ मध्ये तिथे प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत तर बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, तेव्हा दोन पक्षांच्या उत्तरांतलं अंतर बरंच कमी झालं. म्हणजे काहींना खरं उत्तर माहीत होतं, ते फक्त आपल्या बाजूने ओरडत होते. तुमच्या अ‍ॅडमिनने हा उपाय करून बघायला हरकत नाही, खर्च देखभाल निधीतून नको एवढंच.

पक्ष बाजूला ठेवला तरी माणूस कुठे उभा आहे त्यावर क्रियापद ठरतंच. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आवक वाढली आणि कांदा खाली आला, तर व्यापारी म्हणतो ‘भाव पडले’. गाडी घेऊन आलेला शेतकरी म्हणतो ‘भाव पाडले’. तोच कांदा गावदेवीच्या मंडईत घेणारी बाई म्हणते ‘उतरला बाई एकदाचा’. कांदा चढला की शहरात ती भाववाढ असते आणि गावाकडे ‘यंदा भाव मिळाला’ असतो. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा ‘भाव आटोक्यात आणले’ आणि ‘भाव पाडले’ ही दोन्ही वाक्यं एकाच निर्णयाबद्दल बोलली जात होती. इथे कोणी अडाणी नाही आणि कोणी खोटंही बोलत नाही. म्हणून ‘भाव आटोक्यात’ हा मथळा मला तटस्थ वाटत नाही. तो घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. वर्तमानपत्रं शहरात छापली जातात, त्याचा हा परिणाम असावा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर लिहायचं असेल तर ‘महागाई कमी झाली’ऐवजी ‘भाव वाढण्याचा वेग मंदावला’ लिहा. लांब आहे, पण त्यावर तेलाच्या पिशवीचा फोटो टाकता येत नाही. खरोखर भाव खाली आले असतील तर ‘स्वस्त झालं’ हा नेमका शब्द आहेच, फक्त काय स्वस्त झालं ते सांगा. तज्ज्ञांसमोर बोलायचं असेल तर ‘महागाईचा दर’ म्हणा, त्यातला ‘दर’ गाळू नका.

राहता राहिली ‘वाढती महागाई’. ती द्विरुक्ती नाही. महागाई ही स्थिती असेल तर ती वाढू शकते, आणि दर असेल तर तोही वाढू शकतो. पंचाईत एवढीच की दर ६ वरून ४ वर आला तर पहिल्या अर्थाने महागाई वाढतीच असते आणि दुसऱ्या अर्थाने घटती. ‘वाढत्या महागाईची भाववाढ’ मात्र नको; तीन हात नाक्यावरच्या एका बॅनरवर मी ती वाचली आहे.