वाचकांचे प्रश्न : मतदानाची तारीख नक्की कोण ठरवतं?

प्रश्न : २०२४ च्या लोकसभेला माझ्या धायरीच्या बहिणीने ७ मेला मत दिलं आणि आम्ही कोथरूडकरांनी १३ मेला. शहर एक, महानगरपालिका एक, मग तारखा दोन कशा? आणि या तारखा सरकार आपल्या सोयीने लावतं का? आमच्याकडे जेवायला बसलं की हाच वाद असतो. (एक वाचक भगिनी, कोथरूड)

उत्तर : ताई, धायरी पुण्यात असली तरी ती खडकवासला विधानसभेत येते आणि खडकवासला बारामती लोकसभेत. बारामतीचं मतदान तिसऱ्या टप्प्यात होतं, पुणे, शिरूर आणि मावळचं चौथ्या, म्हणून बहिणीच्या बोटाला शाई सहा दिवस आधी लागली.

आता सरकारचं. घटनेच्या कलम ३२४ ने निवडणुका घ्यायचं काम निवडणूक आयोगाकडे दिलंय. लोकसभेची अधिसूचना राष्ट्रपतींकडून निघते पण ती आयोगाच्या शिफारशीवरून, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १४ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे. आणि एकदा अधिसूचना निघाली की पुढचे दिवस आयोगालाही मनाप्रमाणे लावता येत नाहीत, ते कलम ३० ने मोजून दिलेत. आपल्या पुण्याचंच कॅलेंडर काढा ना. १८ एप्रिलला अधिसूचना निघाली. त्यापासून सातवा दिवस अर्ज भरायचा शेवटचा, म्हणजे २५ एप्रिल. दुसऱ्या दिवशी छाननी, २६ ला. छाननीनंतर दुसरा दिवस माघारीचा, तो यायला हवा होता २८ ला, पण २८ ला रविवार आणि कायद्याच्या भाषेत रविवार ही सार्वजनिक सुट्टीच, म्हणून माघार गेली सोमवारी २९ वर. माघारीनंतर चौदाव्या दिवसाच्या आत मतदान घेता येत नाही. २९ एप्रिलपासून चौदा दिवस मोजा, बरोबर १३ मे येतो. म्हणजे १८ एप्रिलला अधिसूचना काढल्यावर पुण्यात १२ मेला मतदान घ्यायचं कुणाच्या कितीही मनात असतं तरी कायद्याने ते जमलंच नसतं. हे मी पहिल्यांदा पेन्सिल घेऊन मोजलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, मुलांनाही हे असं मोजून दाखवावं. पूर्वी हे चौदा दिवस वीस होते, १९९६ च्या दुरुस्तीने कमी झाले.

मग आयोगाच्या हातात उरतं काय, तर अधिसूचना कधी काढायची, त्या चौदा दिवसांच्या अटीत बसणारा मतदानाचा दिवस कोणता धरायचा आणि टप्पे किती करायचे. टप्प्यांचा आकडा कायद्यात कुठेच नाही. सुरक्षा दलं एका भागातून दुसरीकडे हलवायची असतात, परीक्षा, सण, हवामान बघावं लागतं. २०२३ ला कसबा आणि चिंचवडची पोटनिवडणूक आधी २७ फेब्रुवारीला लावली होती आणि मग परीक्षांमुळे २६ ला घेतली, हे तुम्हालाही आठवत असेल. पण महाराष्ट्रात लोकसभेला २०१४ मध्ये तीन टप्पे होते, २०१९ ला चार आणि २०२४ ला पाच, हे का वाढत गेले याची कारणं आयोगाने राज्यवार लेखी द्यायला हवीत असं मला मनापासून वाटतं. तसं झालं तर जेवणाच्या ताटावरचे अर्धे वाद मिटतील.

प्रश्न : पुढची लोकसभा निवडणूक लवकरात लवकर कधी होऊ शकते? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : लोकसभेची पाच वर्षं निकालापासून धरत नाहीत, पहिल्या बैठकीपासून धरतात. अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली, म्हणजे मुदत २३ जून २०२९ ला संपते. अधिसूचना मुदत संपायच्या सहा महिन्यांच्या आत काढायची, त्याआधी नाही. तेव्हा लोकसभा मध्येच विसर्जित झाली नाही तर २३ डिसेंबर २०२८ च्या आधी अधिसूचना निघू शकत नाही.

प्रश्न : खासदार गेल्यावर पुण्याची जागा वर्षभर रिकामी होती. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायचा कायदा आहे ना, मग कशी नाही घेतली? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून तेव्हाची सगळी तळमळ परत जागी झाली. कायदा आहे, त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१अ. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट फक्त दोन वेळा, एक म्हणजे उरलेला कालावधी वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं प्रमाणित केलं तर.

गिरीश बापट गेले २९ मार्च २०२३ ला. सतराव्या लोकसभेची मुदत होती १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांच्या वर बाकी होते, तेव्हा पहिली सूट लागूच होत नव्हती. आयोगाने दुसरी वापरली, कारण दिलं की यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला फारच थोडे महिने मिळतील. एका पुणेकराने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १३ डिसेंबर २०२३ ला न्यायालयाने आयोगाचं ते प्रमाणपत्र रद्द करून ताबडतोब पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, जानेवारी २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि मग सार्वत्रिक निवडणूकच आली.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते ‘अवघड’ या एका शब्दाचं. अवघड म्हणजे किती अवघड, पूर आलाय, दंगल पेटलीय की कर्मचारी दुसऱ्या कामात आहेत, हे कायदा सांगत नाही. त्याच पुणे जिल्ह्यात कसबा आणि चिंचवड या आमदारांच्या दोन जागा दोन-अडीच महिन्यांत भरल्या गेल्या होत्या. आणि खासदाराची जागा २९ मार्च २०२३ पासून ४ जून २०२४ च्या निकालापर्यंत रिकामी राहिली, म्हणजे अधिवेशनांमागून अधिवेशनं झाली आणि पुणे मतदारसंघातून निवडून गेलेलं लोकसभेत कुणीच नव्हतं.