घरशाळेची पुस्तके, वस्तू आणि पाठ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात मी आमच्या घरशाळेविषयी लिहिले होते. माझी मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा असून दोघेही पुण्यात आमच्या घरीच शिकतात. त्या लेखावर आलेल्या बहुतेक पत्रांत पुस्तके कोणती घ्यावीत, वस्तू कोणत्या आणाव्यात आणि पाठ कसा आखावा हेच विचारलेले आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि येत्या जूनपासून त्याला घरी शिकवायचे आम्ही ठरवले आहे. शैक्षणिक खेळणी आणि तयार अभ्याससंच यांची यादी केली, तर खर्च तीस हजारांच्या पुढे जातो. यांतले नेमके काय घ्यावे? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, ती यादी महिनाभर कपाटात ठेवून द्या आणि तेवढे दिवस मुलगा कशापाशी रमतो, कशापासून उठून जातो, हे रोज संध्याकाळी दोन ओळींत लिहून ठेवा. मी हे केले नव्हते. पहिल्या वर्षी मी एका कंपनीचा वर्षभराचा तयार संच मागवला, त्यातल्या आठवडावार आखणीप्रमाणे मुलीला रोज टेबलाशी बसवले आणि दिवाळीपर्यंत तिला वही पाहिली तरी रडू येऊ लागले. संचातली चित्रे सुंदर होती, पण आखणी ज्या मुलासाठी केलेली होती ते मूल आमच्या घरी नव्हते.

त्यानंतर आमच्याकडे जी वस्तू सर्वांत जास्त वापरली गेली, ती आहे शंभर मण्यांची गणितमाळ. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी जाड दोऱ्यात ओवायचे आणि खूण करण्यासाठी कपडे वाळत घालायचा चिमटा घ्यायचा. मराठी मुलांना या माळेची विशेष गरज असते असे माझे मत आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी येतो, त्यामुळे कितीतरी मुले सत्तावीस ऐकून 72 लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता, परंतु ती अडचण खरी आहे. माळेवर दोन दशके आणि वर सात मणी मोजून झाले की मूल ‘वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस’ हे स्वतःच्या बोटांनी पाहते. माझा मुलगा ‘एकोणतीस’ला फार अडखळत असे. एकोण म्हणजे एक उणे, हे मी त्याला अनेकदा सांगितले होते, पण तिसाव्या मण्यावरचा चिमटा एक मणी मागे घेतला त्या दिवशी त्याने एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे सगळे ओळीने स्वतःहून दाखवले.

साहित्य परिसरातूनच उभे करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या मॉन्टेसोरी साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे अशा तिथेच मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. अनुताई वाघ यांच्यासह तेच काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले. त्या कामाविषयी जे मिळेल ते खरेदीपूर्वी अवश्य वाचा, कारण त्यातून वस्तूंकडे पाहण्याची नजर तयार होते.

थोडा मोठा झाल्यावर त्याला आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब द्या. अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेला हा खेळ आहे. काड्यांचा गूल खरवडून काढायचा, ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोचून आकार जोडायचे. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र होत नाही, आणि एकदा हे हाताला कळले की मूल छपराच्या कैचीत, रेल्वेच्या पुलात, विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण शोधू लागते. गुप्ता यांच्या संकेतस्थळावर अशा खेळण्यांची कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके विनामूल्य मिळतात.

विकत घ्यायचेच असेल, तर दोन पारड्यांचा साधा तराजू आणि पुढे आठव्या-नवव्या वर्षी फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठे दाखवतो. आमच्या घरी त्यातून सर्वांत आधी कांद्याचा पापुद्रा पाहिला गेला आणि मग जास्वंदीचे परागकण, जे काटेरी चेंडूंसारखे दिसतात. त्या आठवड्यात दुसरा कोणताही अभ्यास झाला नाही आणि मी तो होऊ दिला नाही.

प्रश्न: आम्ही बंगळुरूला राहतो. नऊ वर्षांची मुलगी इंग्रजी पुस्तके भराभर वाचते, मराठी पुस्तक मात्र दोन पानांत खाली ठेवते. तिला मराठी वाचनाची गोडी लागेल अशी पुस्तके सुचवाल का? (एक वडील, बंगळुरू)

उत्तर: मुलीला मराठीचा कंटाळा आहे असे मला वाटत नाही. इंग्रजीत तिची नजर ओळीवरून धावते आणि मराठीत तिला जोडाक्षरांपाशी थांबावे लागते, त्यामुळे गोष्ट हाताशी येण्याआधीच ती दमून जाते. म्हणून पहिले सहा महिने तिने वाचावे ही अपेक्षा सोडा आणि तुम्ही रोज रात्री वीस मिनिटे मोठ्याने वाचून दाखवा, तेही तिच्या वाचनक्षमतेच्या वरचे, तिच्या समजेला साजेसे. आमच्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अशाच रीतीने आला. फुरसुंगीचा बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, संकटात सापडला की त्या ठिकाणी मी वाचन थांबवत असे, आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री मुलीने पुढचे प्रकरण दिवा लावून स्वतः वाचून काढले.

याच्या जोडीला माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घ्या. धाकट्यांसाठी ‘राधाचं घर’ माझ्या विशेष आवडीचे आहे, कारण त्यातली माणसे मुलांना उपदेश करत नाहीत आणि त्यांची मराठी ही घरात बोलली जाणारी मराठी आहे. तुमच्या मुलीसाठी ‘वाचू आनंदे’ हे संच उपयोगी पडतील. त्यांत मराठी साहित्यातले वेचे असल्यामुळे एका बैठकीत एक वेचा वाचून पूर्ण होतो आणि वाचून संपवल्याचे समाधान मिळते. विंदा करंदीकरांच्या बालकविता तालावर म्हणाव्यात, त्यांचा अर्थ विचारू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात, हे महाराष्ट्राबाहेरच्या कुटुंबांना फार सोयीचे आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, तेव्हा सुरुवातीला तिच्या वयापेक्षा एक पातळी खालची गोष्ट निवडा. गणिताची आवड असेल, तर मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ घ्यावे, म्हणजे मराठी ही केवळ गोष्टींची भाषा आहे असा तिचा समज होणार नाही. माझ्या दृष्टीने या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व सर्वांत जास्त आहे.

प्रश्न: तुमचा एखादा पाठ प्रत्यक्षात कसा असतो, हे सविस्तर सांगाल का? आमचे वेळापत्रक दर आठवड्याला कोलमडते. (एक आई, सांगली)

उत्तर: माझ्या पाठाच्या वहीत डाव्या पानावर काय करायचे आहे याच्या तीन ओळी असतात आणि उजवे पान कोरे असते. रात्री मुले झोपल्यावर मी उजव्या पानावर प्रत्यक्षात काय घडले ते लिहिते आणि दुसऱ्या दिवशीच्या तीन ओळी त्यावरूनच ठरतात. यामुळे वेळापत्रक कोलमडण्याचा प्रश्न राहत नाही, कारण पुढची आखणी घडलेल्या गोष्टींच्या मागून येते.

आमचा सर्वांत आवडता पाठ पावसाचा आहे आणि तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज वीस मिनिटे चालतो. सरळ उभ्या भिंतींची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापायचा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीत बसवायचा, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून त्यात खडे आणि पाणी घालून जिथून भिंत सरळ होते तिथे शून्याची खूण करायची आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. आसपास भिंत किंवा झाड नसलेली गच्ची यासाठी चांगली. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजते, म्हणून आम्हीही त्याच वेळी मोजतो. पुण्यातल्या सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना मुलांना हवामान खात्याची ती इमारत मी मुद्दाम दाखवली होती. 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून तिला ते नाव पडले.

पहिल्याच आठवड्यात मुलीने विचारले, “आई, बाटलीऐवजी रुंद डबा ठेवला तर पाऊस जास्त मोजला जाईल का?” मी उत्तर दिले नाही. आम्ही बाटलीशेजारी धान्याचा सरळ भिंतींचा रुंद डबा ठेवला आणि सकाळी दोन्हींत पट्टी बुडवली, तर उंची जवळपास सारखी निघाली. डब्यात पाणी कितीतरी अधिक होते, पण ते अधिक जागेवर पसरले होते. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे तिला त्या दिवशी कळले. त्यानंतर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे तिने आकडेमोड करून काढले आणि आमच्या 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी वाहून जाते, हे पाहून ती अस्वस्थ झाली. गच्चीवरच्या पन्हळीखाली पिंप ठेवण्याचा हट्ट तिथून सुरू झाला.

रोजचे आकडे आलेखाच्या कागदावर स्तंभ काढून मांडले जातात. वाईला राहणाऱ्या तिच्या मावशीच्या गच्चीवरही अशीच एक बाटली आहे, आणि महाबळेश्वरचा आकडा वर्तमानपत्रात मिळतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की त्याचा लहानसा अंशच उरतो. पुणे, वाई आणि महाबळेश्वर असे तीन स्तंभ शेजारी उभे राहिले की पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, ही संज्ञा पाठ करून घ्यावी लागत नाही.

या पाठात आजोबांनी नक्षत्रे आणली. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, अशी नावे त्यांनी सांगितल्यावर मुलीने रोजच्या आकड्यांची नक्षत्रवार बेरीज सुरू केली. सूर्य एका नक्षत्रात किती दिवस राहतो असे तिने विचारले, तेव्हा 365 ला 27 ने भागायला सांगितले. उत्तर साडेतेराच्या आसपास आले आणि काही नक्षत्रे तेरा दिवसांची तर काही चौदा दिवसांची का, हे तिने कॅलेंडरवर पडताळून पाहिले. यांतले माझ्या डाव्या पानावर काहीच नव्हते.

प्रश्न: घरी शिकवणे कायदेशीर आहे का आणि दहावीची परीक्षा कशी देता येते? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: शिक्षण हक्क कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही आणि घरी शिकवण्याचा स्वतंत्र उल्लेखही नाही. हे समजून-उमजून निर्णय घ्यावा. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा मार्ग अनेक कुटुंबे निवडतात. तेथे वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नोंदणी करता येते, तर त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे टप्पे आहेत. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. दोन्हींची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वर्षभर आधीच वाचून ठेवा.

प्रश्न: माझी नात घरी शिकते. सूनबाई फार मेहनत घेते. मला इंग्रजी येत नाही आणि संगणकही येत नाही. मी तिला काय शिकवू? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर: आजी, तुमचे पत्र मी मुलांना वाचून दाखवले. काष्ठौषधींच्या दुकानातून पाच सागरगोटे आणा आणि नातीसमोर बसा. एक वर उडवून खालचे चार कधी एकेक, कधी दोन-दोन, कधी तीन आणि एक, तर कधी चारही एकदम उचलताना चाराची जितकी फोड होते, ती सगळी तिच्या हातात बसेल आणि हात व नजर यांचा मेळही साधेल. दुपारी डाळ-तांदूळ तुम्ही ज्या मापाने मोजता, ते माप तिच्या हाती द्या. चार माणसांच्या खिचडीला किती लागते, तर सहा जणांना किती, हे तिला ठरवू द्या आणि अंदाज चुकला तरी ती खिचडी सर्वांनी जेवावी.

आणि तुम्हाला येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला सांगा. रोज एक ओवी तुम्ही म्हणावी आणि तिने ती वहीत लिहून घ्यावी, जो शब्द अडेल तो तुम्हाला विचारावा आणि त्याचा अर्थ शेजारी टिपून ठेवावा. एवढे शुद्धलेखन, एवढा शब्दसंग्रह आणि एवढी ऐकण्याची सवय देणारा पाठ मला आजवर कोणत्याही संचात मिळालेला नाही. तिने लिहून घेतलेली पहिली ओवी, तिच्याच अक्षरात, मला अवश्य पाठवा.