क्रिकेटवाला पोरगा आणि बेसबॉलची ट्रायल

तुम्ही विचारलंय की पोरगा १२ वर्षांचा आहे, आतापर्यंत फक्त क्रिकेट खेळलाय, शाळेने जिल्ह्याच्या बेसबॉल ट्रायलला नाव पाठवलंय आणि हातात तीनच आठवडे आहेत, तर बॅटिंगचा क्लास लावू का. माझं ऐकाल तर नका लावू. तीन आठवड्यांत स्विंग बसत नाही, उलट आहे तो फटका बिघडतो. माझी दोन्ही पोरं यातून गेलीयेत आणि रविवारी सकाळी मीच पोरांना ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) टाकत असतो, त्यावरून सांगतो, ट्रायल घेणाऱ्या सरांची नजर आधी थ्रो आणि कॅचवर जाते.

हात तर क्रिकेटवाल्याचा बरा असतोच. ते यूपीचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात ना, भालाफेकवाले, बेसबॉल कधी खेळले नव्हते आणि २००८ मध्ये नुसत्या हाताच्या जोरावर पिट्सबर्ग पायरेट्सने घेतलं त्यांना. फक्त पकड नीट शिकवा. बॉलवरची शिवण एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखी दिसते, तिच्यावर पहिली दोन बोटं आडवी, अंगठा खाली. असा टाकला की बॉल सरळ जातो. शिवणीला समांतर बोटं ठेवली तर शेवटी सरकतो, मग फर्स्ट बेसवाल्याच्या (बेस म्हणजे पळत गाठायचा टप्पा, तिथे उभा असलेल्या फील्डरच्या) हातून सुटला की नाव आपल्याच पोराचं.

ग्लव्हचा प्रॉब्लेम मोठा, कारण आपली पोरं दोन्ही हातांची ओंजळ करून कॅच घेतात. उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लव्ह डाव्या हातात, छातीच्या वरचा बॉल बोटं वर करून, कमरेखालचा बोटं खाली करून. ग्राउंडरला ग्लव्ह आधीच जमिनीला टेकवायचा आणि बॉल उसळला तर वर न्यायचा, वरून खाली आणत बसला की गेलाच पायांमधून. पावसाळ्यात नागपूरला रेशीमबागच्या मैदानावर काळ्या मातीत बॉल उसळतच नाही, म्हणून आम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीवर टेनिस बॉल मारून करायचो (खालच्या काकूंनी दोनदा बॉल जप्त केला ते सोडा).

पण उत्साहात रोज शेदोनशे जोरात थ्रो करायला लावू नका बरं. अमेरिकेत ११-१२ वर्षांच्या पिचरला (म्हणजे आपल्याकडचा बॉलर) दिवसाला ८५ पिचच्या, म्हणजे बॉलच्या, वर टाकू नये असं सांगतात, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस आराम. वाढत्या वयातलं कोपर असतं ते. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा ट्रायलच्या आदल्या दिवशीपर्यंत फेकून राहिला होता, ट्रायलला हातच वर जाईना.

आता पळण्याचं. माझ्या पोरीने पहिल्याच ट्रायलमध्ये बॉल मस्त हाणला आणि बॅट घेऊनच पळाली, वरून फर्स्ट बेसला पोचल्यावर क्रीज समजून बॅट टेकवली! सगळं ग्राउंड हसलं, ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तर घरी दहा वेळा करून घ्या, मारा, बॅट खाली सोडा (मागे भिरकावायची नाही, तिथे विकेटकीपरसारखा कॅचर असतो), पळा. फर्स्ट बेसवर पाय टेकवून सरळ पुढे निघून गेलं तरी चालतं म्हणून तिथे वेग कमी करायचा नाही, सेकंड आणि थर्डला मात्र बेस सोडून पुढे गेला आणि फील्डरने बॉल अंगाला लावला (टॅग केलं) की आउट. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमध्ये ९० फूट असतात, लहानांना कमी, म्हणजे २० मीटरचे छोटे स्प्रिंट पुरेत, लांब राउंड मारायला लावू नका.

बॅटिंगचं एवढंच की बॉल टप्पा न पडता येतो, तर कमरेच्या उंचीचा फुलटॉस समजून आडवा मारायचा, सरळ बॅटने डिफेन्स केला तर सर डोकं धरतील.

सकाळी तर्री पोहे खाऊ घालून नेऊ नका, ट्रायल झाल्यावर खा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड, तिन्हीच्या झेरॉक्स दोन-दोन ठेवा. आणि हो, पोरगा डावखुरा आहे का ते लिहा, कारण डाव्या हाताने फेकणाऱ्याला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली जागा) किंवा थर्डला सहसा उभं करत नाहीत, त्याची तयारी फर्स्ट बेस नाहीतर आउटफिल्डची (बेसच्या मागच्या लांबच्या मैदानाची) करावी लागेल.