धार लागली की पकड घट्ट

प्रश्न : दिवसभर बाजारात मासळी विकायला बसते. लघवीला सारखी जळजळ होते. एवढं पाणी पिऊनही जंतू वाहून का जात नाहीत?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, सुटे जंतू जातातच, पाणी सोडू नका. पण हा त्रास बहुतेकदा ई. कोलाय नावाच्या जंतूचा. त्याच्या अंगावर शेकडो बारीक तंतू. प्रत्येकाच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर धरतं. गंमत म्हणजे धारेचा ताण पडला की ही पकड आणखी आवळते. मासा ओढेल तसा गळ रुततो ना, तसंच.

आणि बाजारात धड मुतारी नाही म्हणून लघवी दाबून ठेवत असाल, तर जंतूंना वाढायला आयताच वेळ! कोकम सरबत खुशाल प्या, औषध म्हणून नव्हे. लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ते कोणते हे पाहणारी तपासणी, करा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या नकोत.